विद्यापीठाकडे माहिती मागताना कागदाचे नाव घ्या

वाचकाचे पत्र

'मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. पुनर्मूल्यांकनात गुण बदललेले विद्यार्थी दर सत्राला भेटतात. कोणी नापासाचा पास होतो, कोणाचे दहा-बारा गुण वाढतात. हे प्रमाण खरोखर किती आहे ते आकड्यांत पाहावे, म्हणून विद्यापीठाला ईमेल केला. दोन महिने उत्तर नाही. मग माहितीच्या अधिकारात अकरा प्रश्नांचा अर्ज केला. गेल्या दहा वर्षांत किती अर्ज आले, किती जणांचे गुण वाढले, विषयवार टक्केवारी, चुकीचे तपासणाऱ्या परीक्षकांची नावे, निकालाला उशीर का होतो, असे सगळे विचारले. अठ्ठाविसाव्या दिवशी एका पानाचे उत्तर आले : मुद्दा १ ते ४, माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. मुद्दा ५ ते ७, परीक्षा विभागाशी संपर्क साधावा. मुद्दा ८, त्रयस्थ पक्षाची माहिती असल्याने देता येत नाही. मुद्दा ९ ते ११, प्रश्नार्थक असल्याने माहितीच्या व्याख्येत बसत नाहीत. हे पत्र हाती पडून बारा दिवस झाले. विद्यापीठ माहिती लपवते आहे का? आता काय करू?'

आमचे उत्तर

आधी तारखेचे सांगतो. पहिले अपील उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत करायचे असते. बारा गेले, अठरा उरले. उत्तराचा लिफाफा फेकला असेल तर शोधून काढा. त्यावरचा टपालाचा शिक्का म्हणजे तुमच्या मुदतीचा पुरावा.

लपवाछपवीचा निष्कर्ष या एका पानावरून काढता येत नाही. तुमच्या चार उत्तरांपैकी एक उघड चुकीचे आहे, एक अर्धे बरोबर आहे, एक कायद्याला धरून आहे आणि पहिले, म्हणजे 'संकलित स्वरूपात उपलब्ध नाही', हे कायद्याच्या शब्दांत बसणारे असले तरी वस्तुस्थितीला धरून असेलच असे नाही. तुमची सगळी आशा त्या पहिल्या उत्तरातच आहे. ते समजून घ्यायचे तर अर्ज विद्यापीठाच्या आवारात शिरल्यावर त्याचे काय होते ते पाहावे लागेल.

अर्ज आवक-जावक विभागात येतो. त्याला क्रमांक पडतो, शिक्का बसतो आणि तो जन माहिती अधिकाऱ्याच्या टेबलावर जातो. काही विद्यापीठांत हे काम एका उपकुलसचिवाकडे किंवा सहायक कुलसचिवाकडे एकवटलेले असते, काही ठिकाणी प्रत्येक विभागाला वेगळा माहिती अधिकारी असतो. एकच असेल तर त्याच्या स्वतःच्या कपाटात तुमचे काहीच नसते. तो माहिती अधिकार कायद्याच्या कलम ५(४) खाली परीक्षा विभागाला पत्र लिहितो : 'सोबतच्या अर्जातील मुद्दा क्रमांक अमुक ते तमुकची माहिती आठ दिवसांत सादर करावी.' ते पत्र परीक्षा विभागाच्या आवकेत पुन्हा एकदा नोंदले जाते, शेरा मारून पुनर्मूल्यांकन कक्षातल्या एखाद्या वरिष्ठ लिपिकाकडे येते.

आता त्या लिपिकाच्या खुर्चीवरून तुमचा प्रश्न वाचा. 'गेल्या दहा वर्षांत पुनर्मूल्यांकनात गुण वाढलेल्या विद्यार्थ्यांची विषयवार टक्केवारी द्यावी.' त्याच्या मागच्या कपाटात सत्रवार फायली आहेत. संगणकावर परीक्षावार, शाखावार निकालपत्रके आहेत. जुन्या काही वर्षांचा डेटा निकालप्रक्रिया करणाऱ्या आधीच्या एजन्सीच्या पद्धतीत आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर ज्यावर लिहिले आहे असा एकही कागद त्याच्याकडे नाही. तो बनवायचा तर वीस परीक्षांची पत्रके उघडून मोजदाद करावी लागेल आणि ती तो करायला बांधील नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंडोपाध्याय या निकालात हे स्पष्ट केले आहे : जी माहिती अभिलेखात आहे ती द्यायची, जी अभिलेखात नाही आणि ठेवण्याचे कायदेशीर बंधनही नाही ती गोळा करून, जुळवून देण्याची सक्ती नाही. म्हणून लिपिक टिपणीत एक ओळ लिहितो, ती कक्ष अधिकारी, सहायक कुलसचिव, उपकुलसचिव अशी सह्या घेत वर जाते, परत माहिती अधिकाऱ्याकडे येते आणि अठ्ठाविसाव्या दिवशी टपालात पडते.

यात दुष्टावा असायलाच हवा असे नाही. प्रश्न टक्केवारीचा होता आणि कपाटात टक्केवारी नव्हती. विद्यापीठात कागद तयार होतो तो कोणाला तरी तो द्यावा लागतो म्हणून : अधिसभेला (सिनेटला), लेखापरीक्षकाला, शासनाला, उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकला. तेव्हा पुनर्मूल्यांकनाचा हिशेब विद्यापीठाला कोणापुढे मांडावा लागतो हे आधी शोधा आणि तो मांडलेला कागद त्याच्या नावाने मागा.

तुमच्या विषयात असा कागद आहे. नॅकच्या मूल्यांकनासाठी विद्यापीठे जो स्वयंअध्ययन अहवाल देतात, त्याच्या दुसऱ्या निकषात २.५ हा भाग परीक्षा आणि मूल्यमापनाचा असतो. त्यात शेवटच्या पेपरपासून निकाल लागेपर्यंत सरासरी किती दिवस गेले हे वर्षवार द्यावे लागते. परीक्षेला बसलेल्यांच्या तुलनेत मूल्यमापनाविषयीच्या तक्रारी किती हेही द्यावे लागते. काही वर्षांपूर्वीच्या नियमावलीत तर पुनर्मूल्यांकनाच्या किती टक्के अर्जांत गुण बदलले, हा स्वतंत्र मुद्दाच होता. तुमच्या विद्यापीठाचे मूल्यांकन त्या नियमावलीने झाले असेल, तर तुम्ही विचारलेला आकडा पाच वर्षांचा, वर्षवार, विहित तक्त्यात विद्यापीठाने स्वतः भरून दिलेला आहे. तो परीक्षा विभागात नसेल. तो अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात, म्हणजे सगळे ज्याला आयक्यूएसी म्हणतात तिथे, असतो. परीक्षा विभागाच्या लिपिकाने 'संकलित नाही' लिहिले तेव्हा शेजारच्या इमारतीत ते संकलन पडून असू शकते. एका विभागाला दुसऱ्याचे कागद माहीत नसणे ही विद्यापीठांतली रोजची गोष्ट आहे आणि माहिती अधिकाऱ्याने ज्या विभागाला पत्र लिहिले त्याच विभागाचे उत्तर तुम्हाला मिळते.

म्हणून अर्ज टाकण्याआधी एक संध्याकाळ विद्यापीठाच्या संकेतस्थळावर घालवा. आयक्यूएसीच्या पानावर स्वयंअध्ययन अहवाल आणि वार्षिक गुणवत्ता हमी अहवाल असतात. दुव्यांमागची जोडपत्रे उघडा, आकडे तिथे असतात. एनआयआरएफला, म्हणजे शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीसाठी, दिलेली माहिती संस्थेने संकेतस्थळावर ठेवायची असते. तिच्यात पुनर्मूल्यांकन नाही, पण प्रवेशित आणि उत्तीर्ण विद्यार्थ्यांची संख्या आहे. टक्केवारी काढताना भाजक लागतोच. शिवाय कलम ४(१)(ख) खालची १७ बाबींची माहिती पाहा. कार्यालयांत तिला नुसते '१ ते १७ मुद्दे' म्हणतात. माहिती अधिकारी कोण, अपिलीय अधिकारी कोण, कोणत्या विभागाकडे कोणते अभिलेख, हे तिथे असते. पुष्कळदा ती माहिती जुनी असते आणि बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचे नाव अजून तिथेच असते. त्यामुळे अर्जावर व्यक्तीचे नाव न घालता पदनाम घाला : 'जन माहिती अधिकारी, परीक्षा व मूल्यमापन मंडळ'.

आता नवा अर्ज. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ च्या दुरुस्तीने एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे. तुमचे अकरा प्रश्न त्यात बसत नाहीत. त्यांचे तीन अर्ज करा, प्रत्येकी १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून, 'अनुलग्नक अ' च्या नमुन्यात. रोख भरलेत तर पावती घ्या. माहिती कशासाठी हवी हे लिहायची गरज नाही, कलम ६(२) तसे सांगते. अभ्यासाचा हेतू दोन पाने समजावून सांगितला की मूळ मागणी त्यात हरवते आणि शब्दही संपतात.

पहिला अर्ज आयक्यूएसीच्या कागदांसाठी असा लिहा : 'विद्यापीठाने नॅकला सादर केलेल्या अखेरच्या स्वयंअध्ययन अहवालातील निकष २.५ खालील सर्व मुद्द्यांचे विहित नमुन्यातील तक्ते आणि त्यांसोबत जोडलेली पुष्ट्यर्थ कागदपत्रे यांच्या प्रती. विद्यार्थ्यांची नावे असल्यास ती झाकून.' इतकेच. यात 'किती', 'का', 'टक्केवारी' यांपैकी एकही शब्द नाही. लिपिकाला फाइल काढून झेरॉक्स मारायची आहे, मोजायचे काही नाही.

दुसरा अर्ज परीक्षा विभागाला. दहा वर्षे सोडा. उत्तरपत्रिका आणि त्यांच्या आनुषंगिक फायली ठराविक काळाने नष्ट केल्या जातात, जुन्या सत्रांसाठी 'अभिलेख उपलब्ध नाही' असे खरे उत्तर येते आणि त्याच्या आडोशाने नव्या सत्रांचेही राहून जाते. दोन शैक्षणिक वर्षे घ्या, एक शाखा घ्या. 'बी.एस्सी. तृतीय वर्ष, अमुक सत्र, पुनर्मूल्यांकनाचे निकालपत्रक, ज्या संगणकीय स्वरूपात जतन आहे त्याच स्वरूपात, नाव, आसन क्रमांक आणि कायम नोंदणी क्रमांक हे स्तंभ वगळून. मूळ गुण आणि सुधारित गुण हे स्तंभ ठेवून.' स्तंभ वगळणे म्हणजे नवी माहिती तयार करणे नाही. कलम १० त्यासाठीच आहे : देता न येणारा भाग वेगळा करून उरलेला द्यायचा. निकालाचे काम बाहेरच्या एजन्सीकडे असले तरी डेटा विद्यापीठाच्या नियंत्रणाखालचा असतो. 'एजन्सीकडे आहे' हे उत्तर आले तर अपिलात नेमके तेवढेच धरा. एक शाखा, दोन वर्षे हाती आली की मोजदाद तुम्ही स्वतः संगणकावर तासाभरात कराल.

याच अर्जात पुनर्मूल्यांकनाची सध्याची पद्धत ठरवणारा अध्यादेश किंवा परिपत्रक, त्यातल्या दुरुस्त्यांसह, मागून घ्या. गुणांत किती फरक पडला की तिसऱ्या परीक्षकाकडे जायचे, बदल कधी ग्राह्य धरायचा, हे नियम विद्यापीठागणिक वेगळे असतात आणि मध्येच बदलतात. नियम बदलला त्या वर्षी आकडे उडी घेतात आणि अभ्यास करणारा भलताच निष्कर्ष काढून बसतो.

तिसरा अर्ज वित्त व लेखा विभागाला, पुनर्मूल्यांकन शुल्काच्या लेखाशीर्षाखाली वर्षवार जमा रकमेच्या खतावणीच्या प्रतीसाठी. पैशाचा हिशेब लेखापरीक्षणाला दाखवावा लागतो, त्यामुळे तो शाखा आणि विभाग यांच्या गोंधळातही शिल्लक राहतो. समजा एका विषयाचे शुल्क ३०० रुपये आहे आणि त्या वर्षी त्या शीर्षाखाली ९,६०,००० रुपये जमले, तर सुमारे ३,२०० उत्तरपत्रिका पुनर्मूल्यांकनाला गेल्या. हा आकडा निकालपत्रकाशी ताडून पाहा. फरक आला तर आधी तीन गोष्टी तपासा : छायांकित प्रतीचे शुल्क त्याच शीर्षाखाली जमा होते का, वर्षाच्या मध्ये दर बदलला का, शुल्क परत केले ते वजा झाले का. त्यातल्या एकाने बहुतेक वेळा फरक मिटतो.

मुद्दा ८ बद्दल. परीक्षकांची नावे मागू नका. त्याच २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने परीक्षकाची ओळख संरक्षित मानली आहे, कारण नाव फुटले तर त्याच्या जिवाला किंवा शरीराला धोका होऊ शकतो आणि कलम ८(१)(छ) त्यासाठी आहे. तुम्ही स्वतः शिक्षिका आहात, उद्या तुमच्याही हातात त्या उत्तरपत्रिका असतील. पण विद्यापीठाने या मुद्द्यावर 'त्रयस्थ पक्ष' एवढेच लिहून विषय संपवला, तेही पुरेसे नाही. त्रयस्थ पक्षाची म्हणून माहिती अडवायची तर कोणत्या कलमाच्या कोणत्या पोटकलमाने, ते उत्तरात लिहावे लागते. विद्यार्थ्याचे नाव, त्याचे गुण, कर्मचाऱ्याची सेवापुस्तिका यांसाठी कलम ८(१)(ञ) वापरले जाते. वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने त्यात केलेली दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून आता त्या पोटकलमात नुसते 'वैयक्तिक माहिती' एवढेच उरले आहे. आधीच्या अटी आणि सवलती गेल्या. त्यामुळे माहिती अधिकाऱ्यांचा हात पूर्वीपेक्षा जास्त आखडता होणार. ही दुरुस्ती आम्हाला पटत नाही, पण अर्ज करताना ती धरूनच चालायला हवे. कलम ८(२) मात्र तसेच आहे : लोकहित जास्त असेल तर माहिती देता येते. तुमच्या कामाला त्याची गरजच पडू नये. आकड्यांना व्यक्ती नसते. किती उत्तरपत्रिकांत गुण बदलले यात कोणाचीही वैयक्तिक माहिती नाही.

परीक्षकांच्या चुकांवर विद्यापीठ काय करते हे जाणून घ्यायचे असेल तर परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या बैठकांची इतिवृत्ते मागा. तपासणीतल्या हलगर्जीची चौकशी करणारी समिती हे मंडळच नेमते. पण इतिवृत्तांच्या प्रती सरसकट मागू नका. दोन वर्षांची इतिवृत्ते जोडपत्रांसह ३४० पाने भरली, तर २ रुपये पानाने ६८० रुपये होतील आणि त्यातली तीनशेहून जास्त पाने तुमच्या कामाची नसतील. त्याऐवजी अर्जात 'अभिलेखांचे निरीक्षण करून हव्या त्या पानांच्या प्रती घेणे' असे लिहा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार निरीक्षणाचा पहिला तास मोफत, पुढच्या दर पंधरा मिनिटांना ५ रुपये. तीन तास बसलात तर ४० रुपये. बावीस पाने निवडलीत तर ४४ रुपये. निरीक्षणाला जाताना अर्जाची पोच, ओळखपत्र, वही आणि पानांवर लावायच्या कागदी पट्ट्या न्या. कार्यालयाच्या प्रतीवर पेनने खूण करू नका, त्यावरून वाद होतात. निरीक्षण संपल्यावर कोणती नस्ती (फाइल), किती पाने, कोणती पाहायला मिळाली नाही, हे एका कागदावर लिहून तिथल्या कर्मचाऱ्याची सही घ्या. पुढे 'अर्जदाराला सर्व दाखवले' असे कोणी लिहिले तर तुमच्याकडे तो कागद असेल. निकालपत्रकांचे मात्र निरीक्षण मागू नका. मूळ पत्रकावर नावे झाकता येत नाहीत आणि तेवढ्या कारणाने सगळाच अर्ज अडकतो.

'उशीर का होतो' या प्रश्नावरचे विद्यापीठाचे उत्तर कायद्याला धरून आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये सेल्सा पिंटो प्रकरणात सांगितले की 'का' या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे एखाद्या गोष्टीचे समर्थन मागणे, माहितीच्या व्याख्येत येत नाही. तेव्हापासून राज्यभरात प्रश्नचिन्ह असलेला मुद्दा या एका निकालावर परत जातो. पण कारण कागदावर आले असेल तर तो कागद ही माहितीच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे निकाल ३० दिवसांत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत लावायचा असतो. त्याहून उशीर झाला तर परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांनी उशिराच्या कारणांचा सविस्तर अहवाल कुलगुरूंमार्फत सादर करायचा असतो. तुम्ही लिहा : 'अमुक परीक्षेचा निकाल ४५ दिवसांत न लागल्याबाबत कुलगुरूंमार्फत सादर केलेल्या अहवालाची प्रत.' अहवाल असेल तर कारणे मिळतील. पाठवलाच नसेल तर 'असा अहवाल सादर केलेला नाही' हे लेखी मिळेल आणि तेही तुमच्या अभ्यासात एक नोंद म्हणून उभे राहील.

आता अपील, म्हणजे जुन्या उत्तरावरचे. नवे अर्ज टाकले म्हणून अपील सोडू नका, दोन्ही एकाच वेळी चालतात. 'अनुलग्नक ब' च्या नमुन्यात, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे. सगळ्या अकरा मुद्द्यांवर भांडू नका. मुद्दा ९ ते ११ आणि परीक्षकांची नावे सोडून द्या. धरायचे दोन. पहिला, मुद्दा ५ ते ७. 'परीक्षा विभागाशी संपर्क साधावा' हे उत्तर चुकीचे आहे. विद्यापीठ हे एकच सार्वजनिक प्राधिकरण आहे. आपल्याच दुसऱ्या विभागातली माहिती मिळवून देण्यासाठी माहिती अधिकाऱ्याने कलम ५(४) खाली साहाय्य मागायचे असते आणि ज्याच्याकडे मागितले तो कलम ५(५) प्रमाणे त्यापुरता स्वतः माहिती अधिकारी समजला जातो. माहिती पूर्णपणे दुसऱ्या प्राधिकरणाकडे असती, तरी कलम ६(३) प्रमाणे अर्ज ५ दिवसांत तिकडे पाठवायचा होता. अर्जदाराला टेबल दाखवून देण्याची सोय कायद्यात नाही.

दुसरा, मुद्दा १ ते ४. इथे नुसते 'माहिती द्यावी' लिहिलेत तर २०११ चा निकाल तुमच्यावर उलटेल. संकेतस्थळावरच्या स्वयंअध्ययन अहवालाचे ते पान छापून अपिलाला जोडा आणि लिहा की विद्यापीठाने हीच माहिती संकलित करून नॅकला दिली असल्याचे या पानावरून दिसते, ती किंवा तिची आधारपत्रे द्यावीत. तुम्हाला तो मुद्दा तिथे सापडला नाही, तर हा भाग अपिलातून गाळा आणि दुसऱ्या अर्जावर भिस्त ठेवा.

उत्तराच्या तळाशी अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचे पद लिहिले होते का, तेही पाहा. कलम ७(८) प्रमाणे नकारासोबत ते आणि नकाराची कारणे द्यावीच लागतात. नसेल तर एका वाक्यात नोंदवा. अपिलाचा निर्णय ३० दिवसांत, कारण नोंदवून जास्तीत जास्त ४५ दिवसांत व्हायला हवा. सुनावणीला जाता आले तर जा. तिथे माहिती अधिकारी आणि परीक्षा विभागाचा कर्मचारी समोरासमोर येतात आणि कोणता कागद कोणाकडे आहे ते पुष्कळदा त्याच खोलीत कळते. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी माहिती अधिकाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. मात्र आयोगाकडे प्रकरणे साचलेली असतात, तारीख यायला फार वेळ जातो. नीट लिहिलेल्या नव्या अर्जाने माहिती त्याच्या कितीतरी आधी हातात येते, म्हणून वर अर्जांवर इतके लिहिले.

तुमच्या ईमेलला उत्तर का आले नाही, तर त्याला आवक क्रमांक पडला नाही. सर्वसाधारण पत्त्यावर आलेला ईमेल कोणत्याही टेबलाचा नसतो आणि माहितीच्या अधिकाराबाहेरच्या विनंतीला कसली मुदतही नसते. तरी साध्या पत्राचा रस्ता बंद समजू नका. मोजदाद करून, विषयवार तक्ता बनवून द्या, असे अधिकाराने मागता येत नाही, पण विनंतीने मिळू शकते. विद्यापीठाला द्यायला बंदी नाही, फक्त सक्ती नाही. एक पानाचे पत्र प्राचार्यांमार्फत, महाविद्यालयाच्या जावक क्रमांकाने, संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ यांना, प्रत कुलसचिवांना. त्यात अभ्यासाचा विषय दोन ओळींत, हवे असलेले स्तंभ नेमके, कालावधी दोन वर्षे आणि ओळख पटेल अशी कोणतीही माहिती नको असल्याचे स्पष्ट वाक्य. शक्य असेल तर 'मोजदाद आम्ही स्वतः करू' असेही लिहा. नाहीचे निम्मे कारण मनुष्यबळ असते. परीक्षा आणि निकालाच्या हंगामात हे पत्र देऊ नका.

आणखी एक दार अनुदानित महाविद्यालयातल्या शिक्षकाला सहज उघडते. अधिसभेत शिक्षकांचे निवडून दिलेले प्रतिनिधी असतात, नोंदणीकृत पदवीधरांचेही असतात. अधिसभेच्या बैठकीआधी ठराविक मुदतीत सदस्याला लेखी प्रश्न देता येतो आणि त्याचे उत्तर प्रशासनाला तयार करावे लागते. 'किती' आणि 'का' हे तुमचे नाकारलेले प्रश्न तिथे विचारता येतात. उत्तरासाठी संकलनही करावे लागते, कारण ते सभागृहात वाचले जाते. बैठकीची तारीख कुलसचिव कार्यालयातून विचारून घ्या आणि तुमच्या प्रतिनिधीला प्रश्न लिहूनच द्या, तोंडी सांगू नका.

तुमचे सहकारी खासगी विद्यापीठातल्या निकालांबद्दल विचारत असतील तर हे सगळे तसेच्या तसे लागू होत नाही. कायदा सार्वजनिक प्राधिकरणाला लागतो. सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या खासगी संस्थाही त्यात येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डीएव्ही महाविद्यालय प्रकरणात सांगितले. म्हणजे तुमचे अनुदानित महाविद्यालयही बहुधा त्यात बसते. स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठाच्या बाबतीत मात्र शासन किंवा विद्यापीठ अनुदान आयोग त्याच्याकडून कायद्याने जी माहिती मागवू शकतो, ती त्यांच्यामार्फत मागावी लागते.

हातोहात देणार असाल तर अर्ज आणि अपील दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. टपालाने पाठवणार असाल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचल्याच्या नोंदीचे पान त्याच दिवशी छापून ठेवा, संकेतस्थळावर ती नोंद कायम राहत नाही. अर्जाचे ३० दिवस तो विद्यापीठात पोचल्यापासून मोजायचे. मध्ये प्रतींचे पैसे भरण्याचे पत्र आले तर ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत, म्हणून ते पत्र आले की दुसऱ्याच दिवशी भरा.